पदविकेपुढील वाट

इ. स. १८८७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचें स्मारक म्हणून मुंबईंत तांत्रिक शिक्षणाची एक संस्था निघाली. आरंभीं भायखळ्यास असलेली ही संस्था १९२३ सालीं माटुंग्यास गेली आणि १९९७ मध्यें तिला वीरमाता जिजाबाईंचें नांव मिळालें. परळ-लालबागच्या गिरण्यांना यंत्रें जाणणारीं माणसें हवीं होतीं. तीं येथून मिळत. परंतु पहिल्या अर्धशतकांत येथें मिळे ती पदविका, विद्यापीठाची पदवी नव्हे. पदविका हातीं आली कीं तरुण गिरणींत शिरे आणि बहुधा शिक्षण तेथेंच संपे.

गिरगांवांतील विल्सन कॉलेजांत जाणाऱ्याची गोष्ट निराळी होती. तो इंटर सायन्स होऊन पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाई. मधेंच कॉलेज बदलणें म्हणजे कमीपणा, असें कोणी मानीत नसे. दोघांच्या बुद्धींत फारसें अंतर नसे. अंतर असे तें घरीं येणाऱ्या पगाराच्या निकडीचें.

पुढें दिवसां नोकरी व रात्रीं अभ्यास करून इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सच्या परीक्षा देणारे निघाले. त्यानंतर पदविकाधारकांस पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं लागला. कोंडलेली वाट अशी हळूहळू मोकळी झाली.

संगणकशास्त्राचें तर मूळच निराळें. १९६० मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृतींत अवघे २,०४८ शब्द मावत. आजच्या खिशांतल्या फोनापुढें ही पुंजी हास्यास्पद वाटेल. त्या कामाचे एक धुरीण रंगस्वामी नरसिंहन् हे मूळचे दूरसंचार अभियंते, त्यांची डॉक्टरेट गणिताची. संगणकाची पदवीच देशांत नव्हती, मग ती मागणार कोण?

आज मात्र ती मागितली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें चार वर्षांच्या पदवींत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास पीएच्.डी.च्या प्रवेशासाठीं अर्ज करतां येतो, एम्.टेक्.ची पायरी प्रत्येकास चढावीच लागते असें नाहीं. तथापि दहावीनंतर पदविकेचीं तीन, पदवीचीं तीन आणि संशोधनाचीं चार-पांच वर्षें धरलीं, तर विद्यार्थी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षापर्यंत शिकतच राहतो. बरोबरीचे मित्र एव्हांना कंपनींत पगारदार झालेले असतात. संशोधनवृत्ति त्या पगाराहून बहुधा कमी भरते. लालबागच्या एका खोलींतल्या घरांत हा हिशेब विद्यार्थ्याआधीं त्याची आई मांडते.