नाइस (इंग्रजी विशेषण)

छान, चांगले, सुखद. माणसाविषयी बोलताना सुस्वभावी. हवा, चहा, घर, शेजारी, कशालाही लागणाऱ्या या विशेषणाचा मूळ अर्थ मात्र 'अजाण' असा आहे. लॅटिनमधील 'ने' म्हणजे नाही (संस्कृत 'न' त्याचाच सगोत्र) आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्यांपासून 'नेस्कियुस' हे विशेषण झाले. जुन्या फ्रेंचमध्ये ते 'मूर्ख' या अर्थाने रुळले आणि १३०० च्या सुमारास त्याच अर्थाने इंग्रजीत आले. 'सायन्स' हा शब्दही 'स्कीरे'च्याच कुळातला.

यानंतर अर्थ सरळ रेषेत बदलला नाही. पुढच्या दोन शतकांत उच्छृंखल, नखरेल, लाजाळू, चोखंदळ असे एकमेकांशी न जुळणारे अर्थ एकाच वेळी चालू होते. त्या काळच्या एखाद्या ओळीत नेमका कोणता घ्यावा, हे ठरवताना कोशकारांचाही कस लागतो. त्यांतला 'चोखंदळ' महत्त्वाचा. त्यातून १६व्या शतकात 'काटेकोर, सूक्ष्म' हा अर्थ आला आणि चोखंदळ माणसाच्या पसंतीला उतरेल ते चांगले, या वळणाने १८व्या शतकात आजचा. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये एका पत्राविषयी हा शब्द येतो तो 'क्षुल्लक' या अर्थाने. म्हणून जुने इंग्रजी वाचताना 'छान' हा अर्थ गृहीत धरू नये. वाक्य बिनचूक लागल्यासारखे वाटते आणि आशय हातचा जातो.

नवा अर्थ सर्वांना रुचला नाही. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी या शब्दाच्या सरसकट वापरावरून कॅथरिनला चिडवतो. फाउलरने १९२६ च्या आपल्या वापरकोशात शब्दाचे वेगळेपण हरपल्याची खंत नोंदवली. ती खंत रास्त आहे, कारण काटेकोरपणाची छटा मोलाची होती. ती आता बारीक भेदाला 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणण्यात आणि 'नाइसटी' या नामात तेवढी उरली आहे.

अशा चढत्या बदलाला अर्थोत्कर्ष म्हणतात. धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्याला 'साहस' म्हणत. मराठीत तो गौरवाचा शब्द झाला. 'सिली'चे उलट घडले: प्राचीन इंग्रजीत 'सुखी, धन्य' असलेला हा शब्द पुढे 'मूर्ख' या अर्थावर उतरला.

फ्रान्समधील नीस शहराच्या नावाचे रोमन स्पेलिंग हेच असले, तरी ते ग्रीक 'निकाया'पासून आले आहे. त्याचा या विशेषणाशी संबंध नाही.