सासवडची माणसं, माळीनगरचा ऊस

अकलूजला माणसं येतात ती नीरेकाठचा किल्ला आणि त्यातली शिवसृष्टी बघायला. मी सासवडचा, त्यामुळे माझं काम जवळच्या माळीनगरात होतं. तिथल्या कारखान्याच्या नावातच आमचं गाव आहे: दि सासवड माळी शुगर फॅक्टरी. कऱ्हेकाठच्या आमच्या कोरड्या गावाचं नाव शंभरावर किलोमीटर लांब एका धुराड्याखाली कसं जाऊन बसलं, हे लहानपणापासून ऐकत होतो, बघितलं नव्हतं.

श्रावणात गेलो. गळीत हंगाम नव्हता, त्यामुळे ऊसगाड्यांची रीघ नाही, मळीचा वास नाही. कडुनिंब, चिंचा, जुनी बसकी घरं, अंगणात फुलझाडं. पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीत आल्यासारखं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. ही वस्ती निवांत राहायला म्हणून कोणी वसवलेली नाही. झाडं, घरं, रस्ते, सगळं पाटाच्या पाण्यामागे आलं.

१८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या जिराईत रानात पाणी खेळू लागलं. पाणी आलं म्हणून लगेच ऊस येत नाही. उसाला वर्ष-दीड वर्ष पैसा अडकवून ठेवावा लागतो. बेणं, पेंड, मजुरी, पाळीवर पाणी धरणारा माणूस, शेवटी गुऱ्हाळ. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या तिथल्या शेतकऱ्याकडे ना ते भांडवल होतं, ना ती सवय. सासवडच्या माळ्यांकडे बागाइताची पिढीजात विद्या होती. त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस केला, गूळ केला. जमीन दमली किंवा चोपण झाली की पुढे सरकायचं. गिरमे, बोरावके ही आमच्याकडची आडनावं पुढे गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवरही दिसू लागली ती अशी.

एका अंगणात खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हटकलं, “पाव्हणं, कुणाकडं आला?” सासवडचा म्हटल्यावर त्यांनी बाजूला सरकून जागा केली. “मग आमचंच की तुमी. बसा.” त्यांच्या आज्याने इथे खंडाने रान केलेलं. त्यांच्याकडून गुळव्याचं वर्णन ऐकलं. काहिलीतला रस उकळताना मळी काढत राहायची, पाक दाटत आला की थेंबभर गार पाण्यात टाकायचा आणि दोन बोटांत धरून बघायचा. गोळी धरली की काहील उतरवायची. घटकाभर उशीर झाला तर गूळ काळा, घाई झाली तर ढेप पाझरते. वर्षभराची कमाई त्या दोन बोटांवर. हे सांगताना म्हातारबांची बोटं आपोआप चोळली जात होती.

ही बोटं बेकार झाली ती बाजारामुळे. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचा भाव कोसळला. उलट १९३२ च्या संरक्षण कायद्याने जावाहून येणाऱ्या साखरेवर जकात बसली आणि देशात साखर करणं एकाएकी परवडू लागलं. नीरेपलीकडे वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर, अलीकडे श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांचा बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट (१९३४), हे त्याच लाटेतले. ही उद्योजकांची कामं होती. १९३२ मध्ये सासवडच्या माळ्यांनी मात्र आपापसांत भाग गोळा करून स्वतःचीच कंपनी काढली. काल काहिलीपाशी उभे असणारे भागधारक झाले. भाटघरचं नवं धरण नुकतंच झालेलं, नीरेच्या उजव्या कालव्याचा पट्टा पुढ्यात होता. आजूबाजूच्या वस्त्यांना वालचंदनगर, शंकरनगर अशी एकेका माणसाची नावं मिळाली, इथे मात्र सगळ्या जमातीचं नाव लागलं.

आमच्या लोकांचं आहे म्हणून झाकून ठेवायचं काही कारण नाही: ही एकजूट जातीपुरतीच होती. ज्याची रानं खंडाने गेली त्या इथल्या, माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याला या कंपनीत मालकीचा वाटा नव्हता. त्याला कारखान्याची मालकी मिळायला शंकरराव मोहिते-पाटलांचा अकलूजचा सहकारी कारखाना यावा लागला. तरीही, शेतकऱ्यांचा कारखाना म्हटलं की आपण प्रवरानगरपासून, म्हणजे १९५० पासूनच मोजायला लागतो, हे मला पटत नाही. पहिला सहकारी कारखाना प्रवरेचा, यात वादच नाही. पण शेतकरी साखर कारखाना चालवू शकतो हे त्याआधीच माळीनगरात ठरून गेलं होतं.

आषाढात आमच्याकडे माउलींची पालखी मुक्कामाला असते, तर माळीनगरात तुकोबांच्या पालखीचं उभं रिंगण होतं. तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून जाणाऱ्या किती सासवडकरांना आपल्या आज्या-पणज्यांचा हा कारखाना ठाऊक असेल?

म्हातारबांच्या घरी खंडाच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या म्हणे, माळा साफ करताना रद्दीत गेल्या. माळीनगर, सासवड, कोपरगाव, कुठेही तुमच्या माळ्यावर असे कागद, गुऱ्हाळाच्या वह्या किंवा भागाचे दाखले असतील, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर टाकू नका. जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मास्तरांना आधी दाखवा.