रोज शंभर किलोमीटरसाठी जुनी डिझेल हॅचबॅक: अ‍ॅव्हरेजच्या आधी पासिंग बघा

संकेश्वरहून बेळगावात नोकरीला येणारा माणूस जाऊन-येऊन रोज शंभरेक किलोमीटर गाडी चालवतो. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्याचं अंतर थोडं कमी, गडहिंग्लजहून जाणाऱ्याचं थोडं जास्त. शिफ्ट सुटायच्या वेळी बस मिळेलच असं नाही आणि पावसाळ्यात दुचाकीवर हा प्रवास जिवावर येतो. मग घरात जुन्या चारचाकीचा विषय निघतो, आणि कोणीतरी म्हणतंच, "डिझेलच बघ, अ‍ॅव्हरेज चांगलं असतं."

सल्ला चुकीचा नाही, पण तो सगळ्यांना लागू होत नाही. आधी हिशेब करावा. रोज १०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ३०,००० किलोमीटर होतात. हिशेबापुरतं डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०३ रुपये लिटर धरू. डिझेल हॅचबॅकने लिटरला २० किलोमीटर दिले, तर १,५०० लिटरचे १ लाख ३५ हजार रुपये लागतील. त्याच वर्गातल्या पेट्रोल गाडीने १६ दिले, तर १,८७५ लिटरचे १ लाख ९३ हजार. वर्षाला ५८ हजारांचा फरक पडतो. हाच प्रवास रोज ३० किलोमीटरचा असेल तर फरक साडेसतरा हजारांवर येतो. एखाद्या वर्षी इंजेक्टरचं काम निघालं की तो तिथेच संपतो. त्यामुळे गावातल्या गावात फिरणाऱ्याने डिझेलच्या नादी लागू नये. रोज ६०-७० किलोमीटरच्या पुढे प्रवास असेल तरच पुढचं वाचावं. वाटेत सीएनजीचा पंप असेल आणि रांगेत थांबायची तयारी असेल, तर तोही पर्याय तपासावा.

नव्या गाड्यांत आता निवड उरलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि मारुतीने डिझेल इंजिनं बंद केली. ह्युंदाईने ग्रँड आय१० निऑस आणि आय२०मध्ये काही काळ डिझेल ठेवलं, नंतर तेही थांबवलं. हॅचबॅकमध्ये डिझेल टिकवलं ते टाटाच्या अल्ट्रोझने. म्हणजे बहुतेकांना २०२० पूर्वीची बीएस-४ गाडीच बघावी लागते.

या बाजारात सर्वात जास्त दिसते ती स्विफ्ट. तिचं १.३ लिटरचं १,२४८ सीसी इंजिन मुळात फियाटचं. तेच फियाटच्या पुंटोत, टाटाच्या व्हिस्टात, मारुतीच्या रिट्झ आणि बलेनोतही बसलं, म्हणून लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. फायदा सरळ आहे: चंदगडपासून चिकोडीपर्यंत कोणत्याही गॅरेजमध्ये हे इंजिन उघडलेला मिस्त्री सापडतो. त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन असते. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. चेनचं तसं नाही, पण थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड आली तर चेन आणि टेन्शनरचा खर्च धरूनच भाव करावा. दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन सुस्त वाटतं. हायवेवर ते जाणवत नाही, चोर्ला किंवा आंबोली घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जाणवतं.

निव्वळ हायवेसाठी २०१४ नंतरची एलिट आय२० बरी. तिचं १.४ लिटरचं इंजिन ९० पीएसचं आहे आणि गिअर सहा असल्याने ८०-९०च्या वेगाला इंजिनवर ताण पडत नाही. फोर्ड फिगोचं १.५ लिटरचं इंजिन १०० पीएसचं. चालवायला या यादीत सर्वात मजेदार गाडी तीच, आणि कंपनीने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवल्यामुळे स्वस्तही मिळते. मात्र एखादा पार्ट मागवावा लागला आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर कामावर कसं जाणार, हे आधी ठरवावं. पोलोच्या १.५ टीडीआयला बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर बदललेला नाही असंच समजावं. टियागोचं १,०४७ सीसीचं तीन सिलिंडरचं डिझेल कमी खातं, पण रोजच्या शंभर किलोमीटरला आवाज आणि थरथर सोसायची तयारी हवी.

तरी मॉडेलवर फार डोकं खपवण्यात अर्थ नाही. चांगली ठेवलेली रिट्झ ही वाईट ठेवलेल्या आय२०पेक्षा केव्हाही परवडते.

किलोमीटरचा आकडा

२०१४ ची डिझेल गाडी आणि मीटरवर ५२ हजार किलोमीटर, अशी जाहिरात दिसली की शंका घ्यावी. डिझेलचे जादा पैसे मोजून गाडी घेणारा माणूस ती पळवण्यासाठीच घेतो. दहा वर्षांत सव्वा लाख किलोमीटर झाले असतील आणि प्रत्येक सर्व्हिसचं बिल असेल, तर ती गाडी जास्त भरवशाची. गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद निघते, मालकाला सोबत नेऊन ती काढून घ्यावी. ते जमत नसेल तर क्लच पेडलचं रबर, स्टेअरिंगचं कव्हर, ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड बघावी. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ५२ हजारांच्या गाडीला तिसरा टायरसंच असेल तर मीटर बोलतंय ते खरं नाही.

गाडी बघायला सकाळी जावं, आणि मालकाला आधीच सांगून ठेवावं की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत यावं. जुन्या डिझेलची निम्मी दुखणी पहिल्या मिनिटातच दिसतात. थंड असताना थोडा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, पांढरा येत राहिला तर कूलंटची शंका. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच काळा लोट निघाला तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआर यांपैकी काहीतरी आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघावं. तिथून भसाभस वाफ बाहेर येत असेल तर पिस्टन रिंगा गेल्या, पुढची तपासणी करायची गरज नाही. मिस्त्रीकडून स्कॅनर लावून घ्यावा. त्याला द्यावे लागणारे पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

बीएस-६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. हायवेवर सलग धावणाऱ्या गाडीचा तो आपोआप साफ होतो, गावात घुटमळणाऱ्या गाडीचा तुंबतो. त्यामुळे गाडी आधी कुठे चालली, हे विचारणं इथे कामाचं ठरतं. गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेली गाडी असेल तर रॅम्पवर चढवून खालून बघावी. खाऱ्या हवेने सस्पेन्शनचे बोल्ट आणि सायलेन्सर खाल्लेले असतात, वरून पॉलिश मात्र चकाचक.

पासिंगचा खरा खर्च

सीमाभागात गाडीला दोन किमती असतात, एक मालक सांगतो ती आणि दुसरी आपल्या राज्याचा नंबर पडेपर्यंत होते ती. निपाणीच्या माणसाला कोल्हापुरात एमएच-०९ ची स्विफ्ट ३० हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून तो खूश होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, आणि वर कर्नाटकचा आजीवन कर. नव्या गाडीला हा कर किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आणि त्यावर उपकर असा बसतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी स्वस्तात मिळालेले ३० हजार त्यात सहज जातात. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो, पण तो कधी हातात पडेल ते धरून सौदा करू नये. उलट दिशेलाही हेच. केए-२२ किंवा केए-२३ ची गाडी घेणाऱ्या चंदगडच्या माणसाने महाराष्ट्राचा कर आधी ऑनलाइन काढून बघावा.

यावर सीमाभागाने शोधलेली युक्ती सगळ्यांना माहीत आहे: गाडी पलीकडच्या पाहुण्याच्या नावावर ठेवायची. किंवा नावच बदलायचं नाही, सह्या केलेले फॉर्म कपाटात. यात कर वाचतो, पण अपघात झाला की सगळं अंगावर येतं. नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे पाहुणा अडकतो, आणि गाडी विकून मोकळा झालेला जुना मालकही अडकतो. विम्याचंही तसंच. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो. पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. "बोनस ५० टक्के आहे" असं सांगून कोणी भाव वाढवत असेल तर ऐकू नये.

टोकन देण्याआधी परिवहनच्या साइटवर चलन दोन्ही राज्यांत आहेत का ते बघावं, थकीत चलनांवर एनओसी अडकते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का, हेही बघावं. १५ वर्षं होत आलेल्या गाडीचं नूतनीकरण २०२२ पासून ५,००० रुपयांचं झालं आहे, शिवाय तपासणी आणि राज्याचा कर वेगळा. दिल्लीहून आलेल्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या इकडे फार स्वस्त सांगितल्या जातात. दहा वर्षांची ती अट दिल्ली परिसराची आहे, आपल्याकडे नाही. पण इतक्या लांबची एनओसी आणि सर्व्हिसची नोंद तपासायला कोण जाणार?

शेवटी टोल. संकेश्वर-बेळगाव प्रवासात हत्तरगीचा नाका रोज दोनदा लागतो, निपाणीहून कोल्हापूरला जाताना कोगनोळीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास नावाला वार्षिक आहे, तो २०० फेऱ्यांना संपतो आणि नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते. रोज जाणाऱ्याचा पास शंभर दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत संपणार. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी स्थानिक मासिक पासचा दर विचारून दोन्हींची तुलना करावी. हा पास गाडीच्या नंबरला बांधलेला असतो. पासिंग बदलायचं असेल तर नवा नंबर पडल्यावरच तो काढावा.