मुक्या गाठींचा इतिहास



कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खळग्यात वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. डॉक्टर मंडळी तिला पिट्युटरी म्हणतात. खळग्याच्या आकारावरून युरोपातील शारीरशास्त्रज्ञांनी त्याला 'तुर्की खोगीर' हे नाव दिले. या ग्रंथीत गाठ होऊन ती एखादे हॉर्मोन बेसुमार ओतू लागली, म्हणजे शरीर स्वतःच बोलू लागते. १८८६ साली पॅरिसच्या प्येर मारी यांनी ज्यांचे वर्णन केले, त्या रोग्यांचे हात, पाय व जबडे वाढले होते. त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष जावे. पण काही गाठी असे काहीच करीत नाहीत. आज त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. आम्ही वैद्य नव्हे. कामगारांत वावरणारी आणि मिळेल ते वाचणारी माणसे आहोत, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

१९०१ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड फ्रोलिख यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. डोकेदुखी, मंदावलेली नजर, अंगावर चढलेली चरबी. हातपाय मात्र वाढलेले नाहीत. १९०७ मध्ये आयझेल्सबर्ग यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. ती गाठ वेगळ्या जातीची असावी असे पुढे मानले गेले. तरी हातपाय न वाढवताही तेथे गाठ असू शकते, ही गोष्ट वैद्यांसमोर आली.

मग अशी गाठ ओळखावी कशी? ग्रंथीच्या वरच्या अंगाला दोन्ही डोळ्यांच्या नसांची चौफुली आहे. गाठ वर सरकली की ती चौफुली दाबते आणि दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचे दिसेनासे होते. समोरचे अक्षर वाचता येते, म्हणून रोगी चष्मा बदलून पाहतो. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला बाजूने येणारा पट्टा दिसला नाही, तर लोक त्याला बेसावध म्हणतात. त्याचे दृष्टिक्षेत्र तपासावे हे कितीजणांना सुचेल?

सूक्ष्मदर्शकानेही या गाठींना न्याय दिला नाही. पेशी ओळखण्यासाठी त्यांना रंग देत. काही पेशी ईओसिनचा लाल रंग घेत. मारींच्या रोग्यांच्या गाठी त्यांच्याच, हे बर्लिनच्या बेंडा यांनी १९०० च्या सुमारास दाखविले. काही निळसर होत. त्यांच्या गाठींची लक्षणे बोस्टनच्या हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये मांडली. उरलेल्या रंगच घेईनात. त्यांना 'क्रोमोफोब', म्हणजे रंगाला भिणाऱ्या, म्हटले, आणि त्या काम करीत नाहीत अशी समजूत रूढ झाली. हजेरीपटावर नाव नाही, म्हणजे माणूस कामावरच नव्हता, हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे!

ही समजूत रक्ताच्या तपासणीने मोडली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० मध्ये किरणोत्सर्गी खुणेच्या साह्याने रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके हॉर्मोनही मोजता येऊ लागले. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालोबाईंना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ च्या सुमारास माँट्रियलच्या हेन्री फ्रीझेन व सहकाऱ्यांनी याच रीतीने माणसाचे प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचे हॉर्मोन, मोजले. आणि 'बेकार' ठरविलेल्या पुष्कळ क्रोमोफोब गाठी ते भरपूर तयार करीत असल्याचे आढळले. हा शब्दांचा वाद नव्हे. प्रोलॅक्टिनची गाठ बहुधा ब्रोमोक्रिप्टीनसारख्या गोळ्यांनी आक्रसते. खऱ्या मुक्या गाठीला नजर वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया लागते. नाव चुकले, तर एकावर उगाच शस्त्र चालते आणि दुसरा गोळ्या घेत घेत आंधळा होतो.

तपासणीही फसवते. नव्या पद्धतीत दोन प्रतिपिंडे हॉर्मोनच्या एका कणाला चिमट्यासारखी दोन्हीकडून धरतात. कण अतोनात झाले की प्रत्येक प्रतिपिंड निराळाच कण धरून बसते, चिमटा जुळत नाही आणि आकडा फसवा, कमी येतो. रक्तद्रव शंभरपट पातळ करून पुन्हा मोजला की आकडा उसळी घेतो! उलट, मोठी मुकी गाठ ग्रंथीचा देठ दाबते. प्रोलॅक्टिनला आवर घालणारे डोपामिन खाली पोहोचत नाही आणि आकडा थोडासा वाढतो. तेवढ्यावर गोळ्या दिल्या, तर आकडा उतरतो, गाठ मात्र तशीच राहते.

पुढे टोरांटोत कालमन कोव्हाक्स आणि एव्हा होर्वात यांनी काढलेल्या गाठींतील पेशीच तपासल्या. १९८० च्या सुमारास त्यांनी दाखविले, की काही मुक्या गाठींत कुशिंगच्या रोगाचे हॉर्मोन असते, पण रोग्यात त्याची लक्षणे नसतात. अशा गाठी पुन्हा उद्भवण्याकडे अधिक झुकतात, म्हणून त्यांची जात कळणे अगत्याचे. बहुसंख्य मुक्या गाठी जननग्रंथींना चालना देणाऱ्या पेशींच्या निघाल्या. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने पेशीच्या केंद्रातील प्रथिनांवरून कूळ ठरविण्याची रीत स्वीकारली: एसएफ-१, टी-पिट आणि पिट-१. रंगाला भिणाऱ्यांना अखेर कूळ मिळाले.

मात्र प्रत्येक गाठीला शस्त्र लावायचे नसते. १९३६ मध्ये मेयो क्लिनिकच्या कॉस्टेलो यांनी शवविच्छेदनातील १००० ग्रंथी तपासल्या, तेव्हा २२५ ग्रंथींत लहान गाठी सापडल्या. आज दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एम.आर.आय.मध्येही अशा गाठी दिसतात, आणि रोगी घाबरतो. चौफुलीपासून दूर असलेल्या लहान गाठीकडे बहुधा नुसते लक्ष ठेवतात. शस्त्रक्रिया झालेल्या मुक्या गाठीचे मात्र रक्तातील आकड्यावरून काही कळत नाही. ती पुन्हा वाढते आहे की काय, हे पाहण्यासाठी वर्षानुवर्षे एम.आर.आय. काढावा लागतो आणि दृष्टिक्षेत्र तपासावे लागते.