धोतरावरचा कोट
मुंबईच्या दमट उकाड्यात पुरुषांचा वेश हवेपेक्षा कचेरीनेच ठरवला. सुती धोतर आणि बंदांनी बांधायची बाराबंदी अंगाला वारा लागू देत. तरी १८८५ साली इथे भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या छायाचित्रात लांब कोट उठून दिसतात. ते डिसेंबरचे दिवस होते, हा आक्षेप रास्त आहे; पण वकिलांचा कोट मे महिन्यातही उतरत नसे. निव्वळ नव्याची हौस म्हणावी, तर अनेकांनी धोतर सोडले नाही, कोट त्यावरच चढवला. बदलला तो साहेबाच्या नजरेत आधी भरणारा भाग. आजही बार काउन्सिलच्या नियमांनुसार उन्हाळ्यात काळ्या कोटातून सूट मिळते ती खालच्या न्यायालयांत. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत नाही. ती तिथेही मिळायला हवी.