चंद्रावरील पंखधारी माणसें

इ. स. १८३५ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्रानें सहा लेखांक छापून चंद्रावर पंख असलेलीं, ४ फूट उंचीचीं माणसें वसतात असें जाहीर केलें. नांव पुढें केलें तें सर जॉन हर्शेल यांचें. ते त्या वेळीं आफ्रिकेंत केप येथें खरोखरच वेध घेत होते, आणि तेथून खुलासा यावयास कित्येक आठवडे लागणार! आधार म्हणून दाखविलेलें एडिंबरोचें शास्त्रीय नियतकालिक तर पूर्वींच बंद पडलें होतें. पण तेवढी चौकशी कोण करतो? दुर्बिणीचें भिंग २४ फूट व्यासाचें सांगितलें होतें. हर्शेल यांचा खरा आरसा जेमतेम दीड फुटाचा. तथापि प्रकाशलहरींचा हिशेब केला तर २४ फुटी भिंगांतूनहि चंद्रावरील सुमारें १०० फुटांहून लहान वस्तु वेगळी दिसणें शक्य नाहीं. आम्हांस हाच पडताळा सर्वांत पक्का वाटतो.

३१ जुलै २०२२ रोजीं फ्रान्सचे पदार्थविज्ञानवेत्ते एतिएन क्लेन यांनीं, गोमंतकांत ज्यास चोरीस म्हणतात त्याच्याच जातीच्या मांसाची चकती, जेम्स वेब दुर्बिणीनें टिपलेला प्रॉक्सिमा सेंटॉरी तारा म्हणून प्रसिद्ध केली. थट्टाच ती, पण अनेकांस खरी वाटली, व क्लेन यांस क्षमा मागावी लागली. वेबच्या छायाचित्रांत तेजस्वी ताऱ्यांस सहा ठळक व दोन फिकट किरण फुटलेले दिसतात. तिचे षट्कोणी आरसे व आधाराच्या दांड्या यांचा तो परिणाम. त्या चकतीस एकहि नव्हता.