‘थोडा त्रास होईल’

बी.एड.ला असताना आमच्या मॅडम सांगायच्या, शिक्षक बसला की वर्ग झोपतो. बावीस वर्षं मी ते पाळलं. मराठीचा तास असो की उर्दूचा, सगळं उभ्यानं. गेल्या दोन वर्षांपासून मात्र माझ्या फळ्याजवळ प्लास्टिकची एक खुर्ची असते. तशीच एक घरी, जानमाजच्या शेजारी. सजद्यात गेले की पाठ वर येईना, तेव्हा मुलाने काही न बोलता ती आणून ठेवली.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. आमच्याकडे बायका याला ‘छातीची गाठ’ म्हणतात, आणि तेही दार लावून. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. लोक आले, दुआ दिली, फळं ठेवून गेले. सगळ्यांच्या लेखी आजार संपला. त्यानंतर रोजची एक छोटीशी पिवळी गोळी सुरू झाली, लेट्रोझोल. किमान पाच वर्षं घ्यायची. ती लिहून देताना डॉक्टर म्हणाले, ‘थोडा त्रास होईल.’

काही महिन्यांतच सकाळी फजरला उठल्यावर बोटं मिटेनाशी झाली. कंबर लाकडासारखी. दुसऱ्या तासानंतर पाठीतून ठणका सुरू व्हायचा. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, ‘बाजी, चाळिशीनंतर हे व्हायचंच.’ पण ज्या बाईला हा आजार होऊन गेलाय, तिची पाठ दुखली की तिच्या मनात पहिला विचार एकच येतो: मणक्यात तर गेला नाही ना?

ही भीती उगाच नाही. 1889 मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 बायकांच्या नोंदी तपासल्या. रोग रक्ताबरोबर वाटेल तिथे वाहत जात असेल तर तो सगळ्या अवयवांत सारखाच सापडायला हवा होता. तसं दिसलं नाही. यकृतात तो वारंवार होता, प्लीहेत क्वचित. हाडांतही काही हाडांनाच जास्त धरत होता. पॅजेट यांनी शेतीची उपमा दिली: बी सगळीकडे उडतं, रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. मग 1940 मध्ये ऑस्कर बॅटसन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञांनी मणक्याभोवतीच्या शिरांचं जाळं दाखवून दिलं. या शिरांमध्ये झडपा नसतात, त्यामुळे रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकतं. खोकलं, जोर लावला, छाती-पोटातला दाब वाढला की रक्त तिकडे वळतं, आणि त्याच्याबरोबर रोगाच्या पेशीही. म्हणून या आजारातून उठलेल्या बाईने पाठ दुखते म्हटलं की जाणता डॉक्टर हसण्यावारी नेत नाही.

माझाही बोन स्कॅन झाला. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, सकाळी दंडात इंजेक्शन, औषध हाडांत पोचेपर्यंत तीन तास बाकावर. रिपोर्ट साफ आला. अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, थोडी रडलेही. आणि परतीच्या गाडीत पाठ तशीच दुखत होती. दुखणं रोगाचं नव्हतं, गोळीचं होतं.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाचत बसले. या आजाराच्या इलाजात बाईला किती दुखलं, हे आजवर कुणी मोजलं का, एवढंच मला बघायचं होतं.

आपल्या व्हॉट्सॲप गटांवर अल-जहरावींचं चित्र अधूनमधून फिरतं. सर्जरीचे जनक, त्यांची हत्यारं, वगैरे. अभिमान मलाही आहे. पण कुर्तुब्याजवळच्या या हकिमाने हजार वर्षांपूर्वी ‘अत-तसरीफ’च्या शस्त्रक्रियेच्या भागात या आजाराबद्दल जे लिहिलं ते कुणी फॉरवर्ड करत नाही. गाठ नवी असेल, पूर्ण निघण्याजोगी असेल तर काढा. जुनी आणि मोठी असेल तर हात लावू नका, कारण असा रोगी मी स्वतः बरा करू शकलो नाही आणि दुसऱ्या कुणी केलेला पाहिलाही नाही, असा त्याचा मतलब. त्यांच्या हत्यारांपेक्षा मला ही कबुली मोठी वाटते. फायदा नसेल तर उगाच दुखवू नका, असं त्यात आहे.

भूल यायच्या आधीच्या दुखण्याची नोंद एका बाईनेच करून ठेवली. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांचा स्तन 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये, त्या पूर्ण शुद्धीत असताना काढला गेला. सर्जन होते नेपोलियनच्या फौजेचे प्रसिद्ध लॅरी. त्याबद्दल बहिणीला लिहिलेलं पत्र पुरं करायला बर्नींना कित्येक महिने लागले. ऑपरेशननंतर त्या 28 वर्षं जगल्या.

1846 नंतर ऑपरेशनला भूल मिळू लागली. आता दुखणं कमी झालं असेल असं आपल्याला वाटतं. झालं वेगळंच. रुग्ण ओरडत नाही म्हटल्यावर सर्जनचा हात लांबला. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर काखेतल्या गाठी आणि छातीचे स्नायूही काढायला सुरुवात केली. 1894 मध्ये त्यांनी आपल्या ऑपरेशनांचे निष्कर्ष छापले आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर हीच रीत झाली. बाई वाचली तरी हात सुजलेला, खांदा जखडलेला, एका बाजूची छाती खोल गेलेली. 1971 पासून बर्नार्ड फिशर यांच्या पुढाकाराने मोठ्या चाचण्या झाल्या आणि 1985 पर्यंत सिद्ध झालं की छोटं ऑपरेशन आणि रेडिएशन घेतलेल्या बायका तितक्याच जगतात. माझ्या छातीचे स्नायू जागेवर आहेत आणि मी उजव्या हाताने फळ्यावर लिहू शकते, ते त्या चाचण्यांत नाव नोंदवणाऱ्या हजारो बायकांमुळे.

माझ्या गोळीची गोष्ट मात्र ग्लासगोमध्ये, गाईंपासून सुरू होते. जॉर्ज बीटसन हे तिथले सर्जन. तरुणपणी त्यांनी दूध कसं उतरतं यावर प्रबंध लिहिला होता. काही देशांत शेतकरी व्यायलेल्या गाईचं अंडाशय काढतात, म्हणजे ती जास्त दिवस दूध देते, हे त्यांच्या वाचनात आलं. स्तन आणि अंडाशय यांचा काहीतरी संबंध आहे हे त्यांनी मनात धरलं. 1895 मध्ये, कॅन्सर परत उलटलेल्या एका 33 वर्षांच्या बाईची अंडाशयं त्यांनी काढली. काही महिन्यांत तिची गाठ विरघळली. 1896 मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. ‘हार्मोन’ हा शब्दच तोवर जन्मला नव्हता. तो 1905 चा.

मी हे वाचलं आणि वही बाजूला ठेवली. कारण सव्वाशे वर्षांनी माझ्यावरही तेच ऑपरेशन झालंय. लेट्रोझोलसारखी गोळी पाळी बंद झालेल्या बाईतच नीट काम करते आणि माझी पाळी चालू होती. दुर्बिणीतून तीन छोटी भोकं पाडून माझी अंडाशयं काढली. दुसऱ्या दिवशी मी घरी. मात्र निसर्ग जे दहा वर्षांत हळूहळू करतो ते एका रात्रीत झालं. रात्री घामाने उशी भिजायची, झोप उडायची, हाडं ठिसूळ व्हायला लागली. सासूबाई म्हणाल्या, ‘आम्हालाही झालं होतं, आम्ही कुठे बोललो?’ त्या बोलल्या नाहीत, हे खरंय.

बीटसन यांच्यानंतरच्या काळात डॉक्टरांनी बायकांना काय काय दिलं ते वाचून अंगावर काटा येतो. 1940च्या दशकात पुरुषी हार्मोन: काही बायकांना दाढी-मिशा आल्या, आवाज घोगरा झाला. नंतर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काढून टाकणं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढणं. आणि हे सगळं काही महिने मिळावेत म्हणून.

बदल आला तो एका फसलेल्या औषधातून. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत आर्थर वॉलपोल यांच्या गटात डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ होत्या. 1962 मध्ये त्यांनी एक संयुग बनवलं. हेतू होता गर्भ राहू न देणारी गोळी. उंदरांत ती चालली; बायकांत उलट बीज सुटायला मदत करू लागली. तेच हे टॅमॉक्सिफेन. 1971 मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधल्या डॉ. मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 46 बायकांवरचा पहिला अहवाल छापला. दहाजणींना चांगला गुण आला होता. आकडा काही डोळे दिपवणारा नाही. त्या अहवालात जोर होता तो दुसऱ्या गोष्टीवर: जुन्या हार्मोनांच्या मानाने हिचा त्रास पुष्कळ कमी आहे. इतका वेळ मी शोधत होते ते मला इथे सापडलं. त्रास मोजला होता, आणि औषध चांगलं का वाईट हे ठरवताना तो धरला होता.

कंपनीला यात फारसा नफा दिसत नव्हता, पण काम बंद पडलं नाही आणि 1973 मध्ये गोळी बाजारात आली. पुढे तिचेही दोष कळले: गरमीच्या लाटा, रक्ताच्या गुठळ्या, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. धोका थोडा, पण खरा.

मग दुसरं कुळ आलं. अंडाशयं थांबली तरी चरबीत आणि स्नायूत थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, अरोमॅटेज नावाच्या एंझाइममुळे. ते अडवणारं पहिलं औषध मुळात फेफऱ्याचं होतं. त्याने गुंगी यायची, अंगावर पुरळ उठायचं. नेमकं अरोमॅटेजच अडवणारं औषध शोधण्यासाठी अँजेला ब्रोडी या शास्त्रज्ञ 1970च्या दशकापासून झटत होत्या. 1990च्या दशकात अॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या आल्या. टॅमॉक्सिफेनशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत दिसलं की पाळी गेलेल्या बायकांत रोग उलटण्याचं प्रमाण यांनी आणखी कमी होतं. हाडं मोडण्याचं आणि सांधे दुखण्याचं प्रमाण मात्र वाढतं. आपल्याकडे या गोळ्या परवडतात याचं एक कारण 1970 चा पेटंट कायदा. तो औषधाच्या पदार्थाला पेटंट देत नव्हता, त्यामुळे इथल्या कंपन्यांना ही औषधं बनवता आली.

तर माझी गोळी चांगल्या खानदानातली आहे. आणि तरीही मी ती बंद केली.

पाच आठवडे. कुणालाही न सांगता. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते, पेन धरवत नव्हतं, दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त उसळत होतं. मुलगा विचारायचा, अम्मी, गोळी घेतली? मी हो म्हणायचे. दुखणं बरंच उतरलं, हे मान्य करते. पण रात्री झोप मात्र आली नाही, आता वेगळ्या कारणाने. नंतर कळलं की असं करणाऱ्या बायका पुष्कळ असतात. अनेक देशांत पाहणी झाली आहे, पाच वर्षं पुरी होण्याआधीच गोळी सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यात डॉक्टरला न सांगणाऱ्याही असतात. मी जर ‘थोडा त्रास’च सहन करू शकत नाही तर दोष माझाच, असं मला वाटत होतं. त्यांनाही वाटत असेल.

डॉक्टरांकडे जाताना मला एका माणसाने मदत केली, रोनाल्ड मेल्झॅक यांनी. ते कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ होते. रुग्ण दुखणं सांगताना जे शब्द वापरतात ते त्यांनी जमवले, त्यांचे गट पाडले आणि 1975 मध्ये 78 शब्दांची प्रश्नावली छापली. दुखणं किती याबरोबर ते कसं आहे, हेही विचारायचं. भाषा शिकवणाऱ्या बाईला याहून काय हवं! मी कागद घेतला आणि दोन्ही भाषांतले शब्द लिहिले. कळ, ठणका, चमक, उसण, रग, ठसठस. टीस, कसक, चुभन, ऐंठन. मग पंधरा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहीत गेले: कुठे, कधी, कोणता शब्द.

डॉक्टरांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. गोळी बंद केल्याचं सांगितलं तेव्हा रागावले नाहीत. ‘आधी सांगायला हवं होतंत,’ एवढंच म्हणाले. सकाळी आखडणं आणि चालल्यावर सुटणं ही गोळीची खूण, असं त्यांनी समजावलं. रात्री झोपेतून उठवणारं, दिवसेंदिवस वाढणारं दुखणं, पायातली ताकद जाणं, बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. लेट्रोझोलऐवजी एक्झेमेस्टेन दिली. रसायनाच्या नात्याने ती ब्रोडींच्या औषधाच्या जवळची. हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सहा महिन्यांनी हाडांसाठी एक इंजेक्शन. आणि चालणं. दुखत असताना चालायला सांगतात याचा मला राग आला होता, पण या गोळ्यांच्या सांधेदुखीवर व्यायामाने उतार पडतो हे चाचण्यांत दिसलेलं आहे. मगरिबच्या आधी मी आणि शेजारची भाभी ईदगाहपर्यंत जाऊन येतो.

दुखणं गेलेलं नाही. कॅलेंडरवर ‘ठणका’ आता आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी असतो, ‘रग’ बहुतेक रोज. खुर्ची दोन्हीकडे आहे. वर्ग काही झोपत नाही. उलट मी बसले की मागच्या बाकावरच्यांना वाटतं, आपण दिसत नाही, आणि तेच जास्त पकडले जातात.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या मावशी मधल्या सुट्टीत घुटमळत उभ्या राहिल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीलाही ‘छातीची गाठ’ झाली होती आणि तिने दिवाळीपासून गोळी सोडलीय. नवऱ्याला माहीत नाही. मी विचारलं, तिचं दुखतं कुठे, कसं? मावशी म्हणाल्या, ‘ते मी कधी विचारलंच नाही, मॅडम. आज विचारते.’